बूट न होणारा सर्व्हर पुन्हा चालू करणे

वीज मिळते, पंखे फिरतात, पण ऑपरेटिंग सिस्टीम काही उभी राहत नाही, अशा सर्व्हरमधला डेटा सुखरूप बाहेर काढून यंत्र पुन्हा कामाला लावण्याची प्रक्रिया. बोलण्यात ‘सर्व्हर उठत नाही’ किंवा ‘वर येत नाही’ एवढेच म्हणतात. कोल्हापूर परिसरात हा प्रसंग शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रीच्या ऑफिसात, एखाद्या पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात, शाहू मार्केट यार्डातल्या अडत दुकानात किंवा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर येतो. अशा ठिकाणी बहुधा एकच सर्व्हर असतो, जोडीला दुसरा नसतो. गळीत हंगामात काट्याचा सर्व्हर अडला की उसाच्या गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते आणि मग ‘फॉरमॅट मारून टाका, पण चालू करा’ असा आग्रह सुरू होतो. या कामातले सर्वांत मोठे नुकसान याच आग्रहातून होते. न उठणाऱ्या सर्व्हरवरचा डेटा बहुतेक वेळा जागच्या जागी शाबूत असतो. तो जातो दुरुस्तीच्या घाईत.

कुठे अडले हे ओळखणे

सर्व्हर सुरू होणे ही टप्प्याटप्प्याची गोष्ट आहे. आधी फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरच साठवलेला प्रोग्राम (जुन्या यंत्रांत बायोस, नव्यांत यूईएफआय) रॅम आणि डिस्क तपासतो. मग बूटलोडर हा छोटा प्रोग्राम येतो, तो कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, मेमरीत आणतो, कर्नल मुख्य फाइल सिस्टीम (डिस्कवरची फायलींची मांडणी) जोडतो आणि शेवटी सेवा सुरू होतात. यंत्र यातल्या कोणत्या पायरीवर थांबले ते पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवरून कळते. म्हणून काहीही दाबण्याआधी मोबाईलवर त्या ओळीचा फोटो काढतात.

पडदाच काळा असेल तर पॉवर सप्लाय, रॅम नाहीतर मदरबोर्ड, म्हणजे काम हार्डवेअरवाल्याचे. ‘नो बूटेबल डिव्हाइस’ दिसले की डिस्क मेली असा समज होतो, पण तो बऱ्याचदा खोटा ठरतो. मदरबोर्डवर सीआर२०३२ नावाची नाण्याएवढी बॅटरी असते. ती उतरली की लाईट जाऊन आल्यावर फर्मवेअरची सेटिंग मूळपदावर जातात, तारीख कित्येक वर्षे मागे सरकते आणि बूट कुठून करायचे तेच यंत्र विसरते. डिस्क कंट्रोलरचा मोड रेडवरून (अनेक डिस्का मिळून एक म्हणून चालवणे) एएचसीआयवर (प्रत्येक डिस्क सुटी चालवणे) गेला असेल, तर विंडोज निळा पडदा दाखवून पुनःपुन्हा रीस्टार्ट होत राहते. औषध किरकोळ किमतीचे: नवी बॅटरी आणि जुनी सेटिंग. अर्थात जुनी सेटिंग कोणीतरी लिहून ठेवलेली असावी लागते.

लिनक्सवर ‘ग्रब रेस्क्यू’ अशी ओळ आणि पुढे लुकलुकणारा कर्सर दिसला, तर ग्रब या बूटलोडरचा सुरुवातीचा तुकडा सापडला, पण उरलेला भाग सापडला नाही असा अर्थ. जुन्या पद्धतीच्या डिस्कवर पहिल्या ५१२ बाइटांत ४४६ बाइट बूट कोडचे, ६४ पार्टिशन तक्त्याचे आणि २ खुणेचे असतात. एवढीशी जागा बिघडली तरी टेराबाइटभर डेटा असलेली डिस्क ‘रिकामी’ वाटू शकते. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करायचे, मूळ पार्टिशन माउंट करायचे (म्हणजे फायली दिसतील असे जोडायचे), डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तीन फोल्डर बाइंड करून चरूट करायचे (म्हणजे मूळ सिस्टीमच्या आत शिरायचे) आणि ग्रब पुन्हा बसवायचा, हा त्यावरचा रुळलेला उपाय. दोन डिस्कांची रेड-१ जोडी (दोन्हींवर तोच डेटा) असेल तर बूटलोडर दोन्हींवर बसवावा लागतो. तो एकीवरच असतो आणि नेमकी तीच डिस्क जाते, तेव्हा रेड असूनही सर्व्हर उठत नाही.

कर्नल सुरू होऊन ‘पॅनिक’ झाला, म्हणजे न सावरणाऱ्या चुकीने थांबला, तर बहुधा नुकतेच अपडेट झालेले असते. बूट पार्टिशन भरलेले असल्याने नवी इनिटरॅमएफएस फाइल (कर्नलला सुरुवातीला लागणारे साहित्य) अर्धवट लिहिली गेलेली असते. ग्रबच्या मेन्यूतून आधीचा कर्नल निवडला की यंत्र उठते. मग सावकाश जागा करून ती फाइल पुन्हा बनवता येते.

सर्वांत फसवा प्रकार एफएसटॅब फाइलचा. लिनक्स सुरू होताना कोणत्या डिस्का जोडायच्या याची यादी तिच्यात असते. बॅकअपसाठी लावलेली यूएसबी डिस्क कोणीतरी काढून नेतो, पण तिची ओळ त्या फाइलमध्ये तशीच राहते. सर्व्हर महिनोन्‌महिने बिनतक्रार चालतो, कारण तो रीस्टार्टच झालेला नसतो. मग एके दिवशी लाईट जाते, यूपीएस दम तोडतो, आणि पुन्हा चालू करताना यंत्र त्या नसलेल्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहून ‘इमर्जन्सी मोड’मध्ये शिरते. हा रूटचा, म्हणजे मुख्य प्रशासकाचा, पासवर्ड लक्षात असण्याचा क्षण! ती ओळ हॅश (#) लावून निष्प्रभ करायची, की काम झाले. मुळातच तिथे ‘नोफेल’ हा पर्याय लिहिलेला असता, तर सर्व्हर त्या डिस्कवाचून उठला असता.

आधी नक्कल, मग दुरुस्ती

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा वाचताना चुका होत असतील, तर तिच्यावर थेट दुरुस्ती चालवत नाहीत. एफएससीके किंवा चेकडिस्क ही साधने फाइल सिस्टीम सुसंगत करतात, डेटा वाचवणे हे त्यांचे काम नव्हे. विसंगत वाटणाऱ्या नोंदी ती बिनदिक्कत छाटतात. म्हणून आधी दुसऱ्या डिस्कवर पूर्ण नक्कल घेतात. त्यासाठीचे जीएनयू डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागांची नोंद मॅप फाइलमध्ये ठेवते आणि त्यांच्याकडे शेवटी वळते. मध्येच थांबवले तरी तिथूनच पुढे चालू करता येते. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टीममध्ये सुपरब्लॉक (तिच्या रचनेची मुख्य नोंद) खराब झाला, तर ४ किलोबाइट ब्लॉकच्या फाइल सिस्टीमवर ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकमध्ये त्याची प्रत बहुधा मिळते. टॅलीसारख्या प्रणालीचा डेटा हा शेवटी एका फोल्डरातल्या फायलींचा संच असतो. तो काढून दुसऱ्या संगणकावर लावला की निदान बिले सुरू होतात आणि सर्व्हरकडे निवांत पाहता येते.

रेडमध्ये हात जपून घालावा लागतो. डिस्क काढण्याआधी प्रत्येकीवर मार्करने खणाचा क्रमांक लिहितात. डिस्का दुसऱ्या कंट्रोलरला लावल्यावर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ असा इशारा येतो. तिथे ‘इम्पोर्ट’ निवडायचे असते, ‘क्लिअर’ नव्हे. आणि ‘इनिशियलाईज’ला तर हातच लावायचा नाही. रेड-५ एक डिस्क गेली तरी चालते, दुसरी गेली की कोसळते. अशा वेळी कित्येक महिन्यांपूर्वी बाहेर पडलेली डिस्क जबरदस्तीने आत घेतली, तर जुना आणि नवा डेटा मिसळून आधीपेक्षा मोठा घोळ होतो.

विंडोज आणि १९ जुलै २०२४

विंडोज सर्व्हरवर रिकव्हरी पर्यावरणातून बूटरेक हा बूट दुरुस्तीचा आदेश किंवा सेफ मोड (मोजक्या सेवांसह सुरू होणे) वापरतात. याचे जगभर गाजलेले उदाहरण म्हणजे १९ जुलै २०२४. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार सकाळी ९:३९ ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची सदोष फाइल जगभर पोचली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर अडकली. उपाय होता सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसण्याचा, पण अनेक ठिकाणी त्यासाठी प्रत्येक यंत्रापाशी माणूस जावा लागला. ज्यांच्या डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचे एन्क्रिप्शन होते त्यांना आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधावी लागली. ती की त्याच सर्व्हरवर जपून ठेवलेली असेल, तर बोलणेच खुंटले.

पुरातले सर्व्हर

कोल्हापुरात या विषयाला पंचगंगेचे परिमाण आहे. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांपलीकडे गेले आणि जुलै २०२१ मध्ये शहराने पुन्हा महापूर पाहिला. २०१९ ला शिरोलीजवळ पुणे-बंगळुरू महामार्ग काही दिवस बंद होता. अशा वेळी सुटा भाग किंवा बाहेरगावचा इंजिनिअर येण्याची वाटच नसते. पातळी ३९ वर गेल्याची बातमी आली की तळमजल्यावरचा सर्व्हर रीतसर शटडाउन करून वर हलवणे हा सर्वांत स्वस्त उपाय.

पाण्यात गेलेल्या डिस्कला वीज देत नाहीत, ‘एकदा लावून बघू’ म्हणूनही नाही. साध्या हार्ड डिस्कला हवा खेळण्यासाठी बारीक छिद्र असते. त्यातून गाळ आत गेला आणि तबकडी फिरली, तर हेड पृष्ठभाग खरवडून काढते. उन्हात वाळवणे किंवा हेअर ड्रायर मारणेही घातक, कारण गाळ जागीच सुकून चिकटतो. डिस्क ओलसरच राहू देऊन पिशवीत बंद करून डेटा रिकव्हरी प्रयोगशाळेत देतात.

सर्व्हर उठल्यावर लोकांना लॉगिन देण्याआधी घड्याळ तपासतात, कारण चुकीच्या तारखेने पडलेल्या पावत्या नंतर निस्तरता नाकी नऊ येतात. मग शेवटची नोंद कागदी पावतीशी ताडून पाहतात आणि ताजा बॅकअप घेतल्यावर यंत्र मुद्दाम पूर्ण बंद करून पुन्हा चालू करतात. रेड-१ असेल तर ही चाचणी दोनदा होते, दर वेळी वेगळी डिस्क बाहेर काढून. पहिली चाचणी झाल्यावर जोडी पूर्ण जुळेपर्यंत थांबतात आणि मगच दुसरी डिस्क काढतात.