फेवरिट घोडा म्हणजे हमखास पैसा?

सीताबर्डीच्या पानठेल्यावर महालक्ष्मीच्या रेसचा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं: ‘फेवरिटवर लाव ना बे, पैसा कुठे जात नाही!’

जातो. फेवरिट, म्हणजे ज्यावर सर्वात जास्त पैसा लागलेला असतो तो घोडा, इतरांपेक्षा जास्त वेळा जिंकतो हे खरं, पण प्रश्न भावाचा, म्हणजे लावलेल्या रुपयामागे किती नफा मिळतो याचा आहे. पन्नास पैशांचा भाव म्हणजे १०० रुपयांवर नफा फक्त ५०. असा घोडा पाचपैकी तीनदा जिंकला तरी १५० आले, २०० गेले. उलट सहाच्या भावाचा घोडा पाचांत एकदाच आला, तरी ६०० मिळून ४०० जातात. अडचण एवढीच, की ‘पाचांत एकदा’ हा अंदाज आपलाच. अंतर, घोड्यावरचं वजन, जॉकी, ट्रॅक पाहून तो काढायचा, आणि बहुतेकांचा तो चुकतो. शिवाय टोटवर, म्हणजे सगळ्यांचे पैसे एकत्र करून जिंकणाऱ्यांत वाटतात तिथे, वाटपाआधीच जमा रकमेतून कपात झालेली असते.