शाळेची चिअर टीम आणि ऑल-स्टार टीम: गणवेश सारखे दिसतात, पण काम वेगळं असतं

अमेरिकेत मुलीची चिअर टीममध्ये निवड झाली की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गणवेशांचे फोटो यायला लागतात. दोन कॅटलॉग शेजारी ठेवले तर सगळं एकसारखंच वाटतं. अंगाबरोबरचा टॉप, आखूड स्कर्ट, पांढरे बूट, केसांत मोठा बो. साहजिकच जो जास्त चमकतो तो सगळ्यांना आवडतो. पण त्यातला एक गणवेश शाळेच्या फुटबॉल सामन्याला मैदानाच्या कडेला उभं राहून तीन तास वागवायचा असतो, आणि दुसरा, म्हणजे खासगी जिमच्या ऑल-स्टार टीमचा, स्पर्धेच्या मॅटवर अडीच मिनिटांसाठी घालायचा असतो. न्यू जर्सीतल्या एका शाळेच्या बूस्टर क्लबमध्ये, म्हणजे टीमला मदत करणाऱ्या पालकांच्या गटात, गणवेशांचं काम मी बघते. दर मोसमात नव्या पालकांना, आणि त्यात आपल्या मराठी घरांतल्या आईबाबांना तर हमखास, हा फरक आधी समजावून सांगावा लागतो. शाळेच्या संचलनातल्या लेझीम पथकाचा पोशाख आणि स्नेहसंमेलनात कोळीनृत्यासाठी भाड्याने आणलेला पोशाख यांत जेवढं अंतर, तेवढं इथे आहे.

आयपीएलमध्ये २००८ पासून आपण ज्या चिअरलीडर पाहिल्या, त्या या दोन्हींत बसत नाहीत. त्या व्यावसायिक नर्तकी आहेत. चौकार गेला की नाचायचं, एवढंच त्यांचं काम, त्यात कुणी कुणाला खांद्यावर उचलत नाही. त्यामुळे त्यांचा पोशाख हा रंगमंचाचा पोशाख असतो आणि तो कसाही बदलता येतो. पुणे वॉरियर्सने २०११ मध्ये भारतीय नृत्याच्या पोशाखातल्या नर्तकी उभ्या केल्या होत्या, ते याच कारणाने जमलं. आपल्या मुली जे करतात त्यात उचलणं, फेकणं आणि झेलणं आहे. तिथे कापडाची निवड ही सुरक्षेची बाब होते.

शाळेच्या चिअरचं मूळ मिनेसोटा विद्यापीठात आहे. १८९८ मध्ये जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने फुटबॉल सामन्यात प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेतल्या, आणि प्रेक्षकांचा आवाज एकत्र आणणं हे काम आजही तसंच आहे. सुरुवातीला हे सगळं मुलांचंच होतं, मुली नंतर आल्या. तेव्हाच्या गणवेशात लोकरीचा स्वेटर, त्यावर शाळेचं अक्षर आणि घोट्याच्या वरपर्यंत येणारा स्कर्ट असे. रूप बदललं, पण छातीवरचं शाळेचं नाव राहिलं, कारण ती टीम शाळेची आहे. ऑल-स्टार टीम मात्र खासगी जिमची असते. तिला कुठल्याही संघाला प्रोत्साहन द्यायचं नसतं, ती स्वतःच स्पर्धक असते. यूएसएएसएफ ही तिच्या नियमांची संस्था २००३ मध्ये स्थापन झाली. ५४ बाय ४२ फुटांची स्प्रिंगची मॅट, समोर परीक्षक, मोठ्याने वाजणारं संगीत, डोळे दिपवणारे दिवे आणि जास्तीत जास्त अडीच मिनिटं.

आता कापडाकडे येऊ, कारण खरा फरक हातात घेतल्यावरच कळतो.

शाळेच्या गणवेशाचा टॉप, ज्याला शेल म्हणतात, तो परंपरेने डबल-निट पॉलिएस्टरचा असतो. हे कापड जाड, घट्ट विणीचं आणि फारसं न ताणणारं असतं. त्यावर रंगीत पट्ट्या शिवलेल्या असतात, अक्षरं वेगळ्या कापडातून कापून कडेने टाके घालून बसवलेली असतात आणि प्रत्येक अक्षराभोवती वेगळ्या रंगाची किनार असते. ही किनार शोभेची वाटते, पण पलीकडच्या स्टँडमध्ये बसलेल्या आजोबांना नाव वाचता येतं ते तिच्यामुळेच. निळ्यावर काळी अक्षरं कॅटलॉगमध्ये फार रुबाबदार दिसतात. मैदानावर संध्याकाळच्या दिव्यांत मात्र तिथे नुसता एक गडद डाग दिसतो. नमुना आला की तो भिंतीला लावा आणि जिमच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वाचून बघा.

शिवलेल्या पट्ट्यांची एक अडचण मात्र आहे. पट्टी ताणत नाही, म्हणून तिच्याखालचं कापडही ताणत नाही. मुलगी दोन्ही हात वर करून व्हीचा आकार करते तेव्हा काखेची कापणी खोल नसेल तर अख्खा शेल वर सरकतो, आणि हात खाली आले तरी तो वरच अडकून राहतो. मग बिचारी प्रत्येक घोषणेनंतर टॉप खाली ओढत बसते. म्हणून मापं घेताना मुलीला नुसतं सरळ उभं करून काही कळत नाही. हात वर करायला लावा, कमरेत वाकायला लावा, एक उडी मारायला लावा, आणि मग काखेत, कमरेवर आणि पाठीच्या चेनपाशी बघा. कंपनीचा माणूस घाई करत असला तरी तुम्ही घाई करू नका.

ऑल-स्टारचा गणवेश याच्या अगदी उलट. नायलॉन किंवा पॉलिएस्टरमध्ये भरपूर स्पॅन्डेक्स, म्हणजे रबरासारखा ताणणारा धागा, खांद्यावर आणि पाठीवर जाळीचं कापड, त्यावर चमचमणाऱ्या ठिपक्यांचा थर आणि वर उष्णतेने चिकटवलेले खडे. नक्षी बऱ्याचदा सब्लिमेशनने छापलेली असते. या छपाईत शाई साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास वायुरूप होते आणि पॉलिएस्टरच्या धाग्यात शिरते. त्यामुळे रंगाचा वेगळा थर राहत नाही, वजन वाढत नाही, सोलून निघत नाही. हवी ती नक्षी, हव्या त्या छटा, आणि कापड चारी बाजूंनी ताणतं. कोलांट्या मारणाऱ्या मुलीला हे फार सुखाचं असतं. पण छपाई पांढऱ्या कापडावर होते. माप लहान निघालं आणि कापड जास्त ताणलं गेलं की छातीवर आणि नितंबांवर आतला पांढरा रंग डोकावतो, आणि गडद काळा फिकट राखाडी दिसायला लागतो. ‘पुढच्या वर्षी वाढेल म्हणून एक माप मोठं’ हा आपला घरगुती हिशेब इथे चालत नाही, कारण सैल कापड उचलणाऱ्यांच्या हातात गोळा होतं. आणि एक माप लहान घेतलं तर रंगाची ही गत. आजच्या मापाचाच घ्यायचा.

खड्यांबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे. वर जाणारी मुलगी म्हणजे फ्लायर, खालून धरणाऱ्या बेस आणि मागून सांभाळणारी बॅकस्पॉट, अशी साधारण रचना असते. फ्लायर खाली येते तेव्हा तिची कंबर, पाठ आणि मांड्या बेसच्या उघड्या हातांवर पडतात. कमरेभोवती खडे असले तर बेसच्या हाताच्या आतल्या बाजूला लाल ओरखड्यांची जाळी उठते. नोव्हेंबर आला की कुठल्याही बेसचे हात बघा. म्हणून खडे छातीच्या वरच्या भागात, खांद्यावर, बाह्यांवर ठेवा आणि कमरेचा पट्टा मोकळा सोडा. चांगले प्रशिक्षक हे सांगतातच, पण नक्षी पालकांची समिती ठरवत असेल तर कंपनीला लेखी कळवा. कमरेवरचं कापड निसरडं आहे का, तेही हात फिरवून बघा. चमकीचा गुळगुळीत थर घामाने आणखी निसरडा होतो, आणि बेसची पकड नेमकी तिथेच असते.

स्टंट करताना दागिने दोन्हीकडे चालत नाहीत. आपल्याकडे लहानपणीच कान टोचतात आणि सोन्याच्या रिंगा कायम असतात. त्या काढायची सवय उन्हाळ्यातच लावलेली बरी. नवीन टोचायचं असेल तर मोसम संपल्यावर.

पोट उघडं की झाकलेलं, हा प्रश्न आपल्या घरांत येतोच, आणि तो दबक्या आवाजात विचारायची काहीच गरज नाही. अनेक राज्यांतल्या शाळा एनएफएचएस या शालेय खेळांचे नियम बनवणाऱ्या संस्थेचे नियम पाळतात. त्यांत मुलगी सरळ उभी असताना पोट झाकलेलं असावं अशी अट आहे. त्यामुळे शाळेचा शेल लांब असतो, किंवा आत अंगालगत पूर्ण बाह्यांचा बॉडीलायनर असतो. सामन्याच्या दिवशी मुली हा गणवेश वर्गातही घालतात, म्हणून शाळेचा ड्रेस कोडही लागू होतो. ऑल-स्टारमध्ये मोठ्या वयोगटांत आखूड टॉप सर्रास दिसतो. त्याचं एक कारण रूप आणि दुसरं हालचालीची मोकळीक. मुलीला तो नको असेल तर नक्षी पक्की होण्याआधी जिमला सांगा. त्याच नक्षीचा पूर्ण लांबीचा टॉप बनवून मिळू शकतो, पण ऑर्डर गेल्यावर एकटीसाठी वेगळा तुकडा मागवणं अवघड होतं. आणि हे मुलीला विचारूनच ठरवा. आईला संकोच वाटतो पण मुलीला नाही, किंवा मुलीला वाटतो आणि ती बोलत नाही, असं दोन्ही होतं. जी मुलगी सतत कपडे ओढत असते तिचं लक्ष झेलण्यावर नसतं.

हवामानाचा विचार ऑल-स्टारला करावा लागत नाही, सगळं बंदिस्त हॉलमध्ये असतं. शाळेच्या टीमला मात्र ऑगस्टच्या उकाड्यापासून नोव्हेंबरच्या बोचऱ्या थंडीपर्यंत त्याच कपड्यात उभं राहायचं असतं, आणि पुढे बास्केटबॉलचा मोसम सुरू होतो. आमच्याकडे बॉडीलायनर, लेगिंग्ज आणि जॅकेट हे जास्तीचं मानून पैसे वाचवणं म्हणजे मुलींना कुडकुडत ठेवणं. टेक्सासमध्ये राहणाऱ्यांनी उलट बाजूने बघावं. तिथे जाड डबल-निट उन्हात नको होतं, म्हणून हलक्या, घाम शोषून लवकर वाळणाऱ्या कापडाचा शेल मिळतो का ते विचारावं.

पैशाचा हिशेबही दोन्हीकडे वेगळा आहे. शाळेचा शेल आणि स्कर्ट बऱ्याचदा शाळेचाच असतो. मोसम संपला की परत द्यायचा आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला जायचा. म्हणजे तो चार-पाच वर्षं टिकला पाहिजे, धुलाई सोसली पाहिजे आणि वेगवेगळ्या अंगांना बसला पाहिजे. म्हणून कंपनीला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे हीच नक्षी आणि हाच निळा रंग तीन वर्षांनी चार-पाच नग मागवले तर मिळेल का. रंगाचा घाणा बदलला की निळ्यात फरक पडतो, आणि रांगेत उभ्या राहिल्यावर नव्या मुली लगेच ओळखू येतात. ऑल-स्टारचा गणवेश कुटुंबाच्या खर्चाने येतो, खड्यांमुळे शाळेच्या गणवेशापेक्षा बराच महाग असतो, आणि त्याच जिमच्या धाकट्या मुलीशिवाय कुणाला विकताही येत नाही. जिम नक्षी किती वर्षांनी बदलते, हे प्रवेश घेतानाच विचारा. धुताना पॉलिएस्टरचा शेल उलटा करून थंड पाण्यात मशीनला चालतो. खड्यांचा टॉप हातानेच धुवायचा आणि ड्रायरमध्ये कधीच घालायचा नाही, कारण ज्या उष्णतेने डिंक चिकटतो तिनेच तो सुटतो.

मंडळाच्या कार्यक्रमात हा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘फोटो तिरुपूरला पाठवू, निम्म्या किमतीत शिवून येईल.’ शिवून येईलही. पण त्या पट्ट्या, कोन आणि नागमोडी नक्षी यांवर कॉपीराइट असू शकतो, हे लक्षात ठेवा. स्टार ॲथलेटिका विरुद्ध व्हार्सिटी ब्रँड्स हा दोन गणवेश कंपन्यांमधला खटला चिअरच्या गणवेशांवरच्या नक्षीवरूनच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की गणवेशापासून वेगळी कल्पिता येणारी आणि स्वतंत्र चित्र म्हणून उभी राहू शकणारी नक्षी कॉपीराइटच्या संरक्षणाला पात्र ठरू शकते. कपड्याचा आकार आणि कापणी यांना ते संरक्षण नाही. म्हणजे साधा निळा शेल आणि स्कर्ट कुणाकडूनही शिवून घ्या, त्यावर स्वतः काढलेली नक्षी घाला, पण कॅटलॉगचा फोटो शिंप्याला देऊन हुबेहूब मागू नका. शिवाय परदेशातून आलेल्या मापात चूक निघाली तर पहिल्या सामन्याआधी ती दुरुस्त व्हायला वेळ उरत नाही.

शेवटी राहतो तो अशा शाळांचा प्रश्न, ज्यांच्या टीम सामनेही करतात आणि स्पर्धेतही उतरतात. पैसे एकाच गणवेशाचे असतील तर माझं मत शाळेच्या गणवेशाच्या बाजूने आहे. ऑरलँडोला डिस्ने वर्ल्डमध्ये होणाऱ्या राष्ट्रीय शालेय स्पर्धेत गेम डे नावाचा विभाग आहे. त्यात घोषणा, बँडवरचं नृत्य आणि शाळेचं गीत यांवरच गुण मिळतात, आणि तिथे हाच पारंपरिक गणवेश शोभतो. कोलांट्या आणि स्टंटच्या विभागात उतरायचं असेल तर ऑर्डर देताना थोड्या ताणणाऱ्या कापडाचा शेल मागा, अक्षरं शिवलेलीच ठेवा, खडे घेऊ नका. चमक हवीच असेल तर ती बोवर घ्या. बो दरवर्षी नवा घेता येतो, आणि तो कुणाच्या हाताला ओरखडत नाही.