वापरसुलभता चाचणी आणि बीटा चाचणी: टेस्टर नेमके कशासाठी हवे आहेत?

नवे ॲप सर्वांसाठी खुले होण्याची तारीख जवळ आली की ते बनवणाऱ्या टीममध्ये कोणीतरी म्हणते, ‘आता टेस्टर हवेत.’ मग घाईने एक फॉर्म तयार होतो, ओळखीच्या लोकांमध्ये लिंक फिरते, पन्नास-साठ नावे जमा होतात आणि चाचणीची व्यवस्था झाली असे सर्वांना वाटू लागते. हे टेस्टर नेमके कोणत्या चाचणीसाठी हवे आहेत, हा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. वापरसुलभता चाचणी आणि बीटा चाचणी ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांसाठी लागणारी माणसेही वेगळ्या निकषांवर निवडावी लागतात. दोन्हींसाठी एकच फॉर्म आणि एकच यादी वापरली, तर दोन्ही चाचण्या अर्धवट राहतात.

वापरसुलभता चाचणीत एका वेळी एकच माणूस तुमच्यासमोर बसतो, किंवा व्हिडिओ कॉलवर आपली स्क्रीन तुम्हाला दाखवतो. त्याला एखादे काम दिले जाते आणि ते करताना तो कुठे थबकतो, कुठे चुकतो, कोणत्या शब्दाचा वेगळाच अर्थ घेतो हे तुम्ही पाहता. हे सगळे साधारण तासाभरात आटोपते. बीटा चाचणीत तुम्ही तिथे नसता. माणूस ॲप आपल्याच फोनवर, आपल्या सवडीने, रोजच्या व्यापात काही दिवस किंवा काही आठवडे वापरतो आणि जमेल तसे कळवतो. ‘बीटा’ हा शब्द मुळातच फार सैल वापरला जातो. जीमेल २००४ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या नावापुढचे ‘बीटा’ हे लेबल २००९ मध्ये निघाले, यावरून त्याची कल्पना यावी. येथे मात्र प्रकाशनापूर्वी मर्यादित लोकांच्या हाती दिलेले, बरेचसे पूर्ण झालेले ॲप एवढाच अर्थ घेतला आहे.

हा फरक मला कळला तो औषधांची आठवण करून देणाऱ्या एका ॲपवर काम करताना. वापरसुलभता चाचणीसाठी साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या होत्या. त्यांनी फोनमधली अक्षरे बरीच मोठी करून ठेवली होती. त्यांनी गोळीचे नाव टाइप केले, वेळ भरली आणि त्या हात मांडीवर ठेवून शांत बसल्या. थोड्या वेळाने आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, ‘सेव्ह होतंय ना, म्हणून थांबलेय.’ प्रत्यक्षात ‘जतन करा’ हे बटण त्यांना दिसलेच नव्हते. मोठ्या अक्षरांमुळे ते खाली सरकून कीबोर्डच्या मागे गेले होते. आमच्या सगळ्यांच्या फोनवर नेहमीच्या आकाराची अक्षरे असल्यामुळे ते बटण कीबोर्डच्या वर, अगदी डोळ्यांसमोर दिसत असे. ॲप बंद पडले नव्हते आणि कोणताही एरर आला नव्हता. आमच्या नोंदींत एवढेच उमटले असते की कोणीतरी फॉर्म अर्धवट सोडून निघून गेले. त्या बाईंनी घरी बसून ॲप वापरले असते तर त्यांनी हे कळवलेही नसते, कारण काही बिघडले आहे असे त्यांना वाटलेच नव्हते.

त्याच ॲपचा दुसरा दोष बीटा चाचणीच्या चौथ्या दिवशी समोर आला. एका टेस्टरने लिहिले होते, ‘कालपासून सकाळची आठवण येत नाही, पण ॲप उघडलं की लगेच येते.’ कारण त्या एका वाक्यातच होते. काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी फारसे न उघडलेल्या ॲपचे पडद्यामागचे काम थांबवतात, आणि आमची आठवण नेमकी त्या कामावर अवलंबून होती. तासाभराच्या बैठकीत ॲप सतत समोर उघडे असते, त्यामुळे तिथे हा दोष दिसणे शक्यच नव्हते. बैठकीला पाचऐवजी पन्नास माणसे बोलावली असती तरीही तो दिसला नसता.

येथून संख्येचा प्रश्न येतो आणि सर्वाधिक गोंधळही येथेच होतो. ‘पाच टेस्टर पुरे’ हे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते. त्याचे मूळ वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन आणि थॉमस लँडॉवर यांच्या १९९३ मधील संशोधनात आहे आणि नील्सन यांच्या २००० मधील लेखामुळे ते सर्वदूर पोचले. त्यांनी अभ्यासलेल्या प्रकल्पांत एका माणसाच्या बैठकीत वापरसुलभतेच्या सरासरी ३१ टक्के अडचणी दिसत होत्या. त्या हिशेबाने पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी हाती लागतात आणि पुढच्या माणसांकडून बहुतेक तेच ते पुन्हा कळते. म्हणूनच पंधरा जणांना एकदम बोलावण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्याव्यात आणि मधल्या काळात दुरुस्त्या कराव्यात, असा नील्सन यांचा सल्ला आहे. वापरणाऱ्यांचे दोन अगदी भिन्न गट असतील, तर प्रत्येक गटातून तीन-चार जण घ्यावेत असेही ते सांगतात. हे सारे गणित बैठकीतल्या चाचणीचे आहे, कारण न दिसणारे बटण किंवा न कळणारा शब्द पुष्कळांना अडवतो.

बीटा चाचणीत शोधायचे असतात ते विरळ दोष. एखादा दोष १०० पैकी एकाच फोनवर येतो असे धरले, तर पाच टेस्टरांमध्ये तो एकदा तरी दिसण्याची शक्यता जेमतेम ५ टक्के असते, आणि ती ९५ टक्क्यांपर्यंत न्यायची तर सुमारे ३०० टेस्टर लागतात. तेही ॲप खरोखर वापरणारे असावे लागतात, नुसती यादीतली नावे पुरत नाहीत. म्हणून पाचांचा नियम बीटाला लावणे जितके चुकीचे आहे, तितकेच ३०० लोकांचा बीटा झाला म्हणून ॲप समजायला सोपे आहे असे मानणेही चुकीचे आहे.

निवड कशी करावी, यात सर्वाधिक विचार लागतो तो बैठकीच्या चाचणीसाठी. तिथे माणूस निवडायचा तो त्याची गरज, सवय आणि अनुभव पाहून. ‘तुम्ही रोज औषधे घेता का?’ असा थेट प्रश्न फॉर्ममध्ये विचारला की कोणते उत्तर हवे आहे हे वाचणाऱ्याला लगेच कळते आणि मानधनासाठी किंवा निव्वळ भिडेपोटी तो ‘हो’ म्हणतो. त्याऐवजी ‘गेल्या महिन्यात यांपैकी काय काय केले?’ असे विचारून पाच-सहा पर्याय द्यावेत आणि आपल्याला हवा असलेला पर्याय त्यांत मिसळून ठेवावा. शक्य असेल तर दोन मिनिटे फोनवरही बोलावे. ‘सकाळच्या गोळ्या लक्षात राहाव्यात म्हणून सध्या काय करता?’ या प्रश्नावर खरा वापरकर्ता डबीविषयी, भिंतीवरच्या कॅलेंडरविषयी, आठवण करून देणाऱ्या सुनेविषयी सांगू लागतो. दुसऱ्याला तपशील सुचत नाही. शिवाय हा माणूस मोकळेपणाने बोलणारा आहे का, हेही त्या दोन मिनिटांत कळते. मनात येईल ते मोठ्याने बोलत काम करायला सांगणे ही या चाचणीची जुनी पद्धत आहे आणि अबोल माणसाकडून तिचा फारसा उपयोग होत नाही.

बीटाचा फॉर्म अगदी वेगळा असतो. तिथे फोनचे मॉडेल, ऑपरेटिंग सिस्टीमची आवृत्ती, शिल्लक जागा, अक्षरांचा आकार, फोनची भाषा आणि इंटरनेट कसे मिळते हे विचारावे लागते, कारण यादीत माणसांइतकीच फोनांचीही विविधता हवी असते. शंभर टेस्टरांपैकी नव्वद जणांकडे एकाच कंपनीचे नवे, महागडे फोन असतील, तर ती यादी दिसते त्यापेक्षा फारच लहान आहे असे समजावे. त्याखेरीज एक साधा प्रश्न विचारावा: ‘यापूर्वी एखाद्या ॲपमधली चूक तुम्ही कोणाला कळवली आहे का? ती काय होती?’ ज्याला या प्रश्नावर दोन ओळी लिहाव्याशा वाटतात, तोच पुढे चौथ्या दिवशी संदेश पाठवतो.

ओळखीच्या लोकांविषयी माझे मत ठाम आहे. मित्र, नातेवाईक आणि सहकारी बीटाच्या सुरुवातीला चालतात, कारण ॲप बंद पडले तर ते ओळखीच्या माणसाच्या फोनवरही बंद पडते. बैठकीच्या चाचणीला मात्र त्यांना बोलावू नये. त्यांनी ॲपविषयी आपल्याकडून आधीच खूप ऐकलेले असते, आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ते अडल्यावरही अडलो असे म्हणत नाहीत.

मानधनातही फरक आहे. बैठकीला येणारा माणूस ठरलेल्या वेळी आपला एक तास देतो, म्हणून त्याला त्या वेळेचा मोबदला देणे योग्य ठरते, आणि त्याने चांगले सांगितले की वाईट यावर तो अवलंबून नसावा. रेकॉर्डिंग करणार असाल तर ते कोण पाहणार आणि कधी पुसणार हे आधी सांगून संमती घ्यावी लागते. बीटा टेस्टर सहसा ॲप लवकर मिळावे किंवा ते घडवण्यात आपला वाटा असावा म्हणून येतात. त्यांना टिकवून ठेवते ते उत्तर. कळवलेली चूक कोणी वाचली, तिचे काय झाले आणि ती कोणत्या अपडेटमध्ये सुटली हे ज्याला कळते तो लिहीत राहतो, आणि ज्याला कधीच उत्तर मिळत नाही तो आठवड्याभरात गप्प होतो.

ॲप स्टोअरच्या सोयी आणि अटी जवळजवळ सगळ्या बीटा चाचणीसाठी आहेत. ॲपलच्या टेस्टफ्लाइट या बीटा चाचणीच्या सेवेत टीममधले १०० आणि बाहेरचे १०,००० पर्यंत टेस्टर घेता येतात, बाहेरच्यांसाठीचा पहिला बिल्ड (म्हणजे चाचणीसाठी दिलेली ॲपची आवृत्ती) ॲपलकडून तपासला जातो आणि प्रत्येक बिल्ड ९० दिवस चालतो. गूगल प्लेवर अंतर्गत चाचणीला १०० टेस्टरांची मर्यादा आहे आणि त्यापुढे बंद (फक्त यादीतल्या लोकांसाठीची) व खुली (कोणालाही सामील होता येणारी) चाचणी असते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना ॲप प्रकाशित करण्याआधी बंद चाचणी करावीच लागते. तीत किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस सहभागी असावे लागतात. ही संख्या सुरुवातीला २० होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये कमी झाली. येथे एक बारीक अडचण अनेकांना छळते. यादीत जो ईमेल पत्ता दिला, त्याच खात्याने टेस्टरने आपल्या फोनवरच्या प्ले स्टोअरमध्ये लॉगइन केलेले असावे लागते आणि लिंक उघडून सहभागाला होकारही द्यावा लागतो. कामाच्या पत्त्याने नाव नोंदवलेल्या आणि फोनवर खासगी खाते असलेल्या माणसाला लिंक उघडतच नाही, आणि तो बहुधा ते कळवतही नाही. म्हणून फॉर्ममध्ये ‘तुमचा ईमेल’ असे न विचारता ‘तुमच्या फोनवरच्या प्ले स्टोअरमध्ये जे खाते आहे त्याचा पत्ता’ असे विचारावे.

किमान १२ टेस्टरांच्या अटीमुळे ‘तू माझे ॲप टाक, मी तुझे टाकतो’ अशी देवाणघेवाण डेव्हलपरांमध्ये रूढ झाली आहे. तिने बारा हा आकडा गाठता येतो, पण ते ॲप कोणी मनापासून वापरत नाही. पुढे प्रकाशनाच्या परवानगीसाठी अर्ज करताना टेस्टर कसे मिळवले, त्यांनी ॲप कसे वापरले आणि काय सांगितले हे गूगल विचारते, तेव्हा लिहायला काही नसते. त्याहून मोठे नुकसान असे की आठवण न येणारा तो फोन प्रकाशनानंतर भेटतो, आणि तोही जाहीर परीक्षणांत. चाचणीच्या काळातला अभिप्राय मात्र फक्त डेव्हलपरलाच दिसतो.

राहिला क्रम. बैठकीची चाचणी आधी घ्यावी, ॲप अर्धवट असताना, अगदी स्क्रीनची नुसती चित्रे तयार असतानाही. बीटा नंतर करावा, मुख्य कामे नीट चालू लागल्यावर. याला आणखी एक कारण आहे. बैठकीत माणसाचे मोल त्याच्या नवखेपणात असते आणि ते एकदाच वापरता येते. पहिल्या स्क्रीनवर अडलेला माणूस पुढच्या आठवड्यात तिथे अडणार नाही, कारण वाट त्याच्या लक्षात राहिलेली असते. बीटा टेस्टरचे मोल मात्र दिवसागणिक वाढते, कारण काल काय होत होते आणि आजच्या अपडेटनंतर काय बदलले हे तोच सांगू शकतो. त्यामुळे बैठकीला आलेल्या माणसाला निघताना ‘बीटात यायला आवडेल का?’ असे जरूर विचारावे. त्या बाईंना आम्ही विचारले होते, आणि मोठी अक्षरे असलेला तो फोन पुढच्या प्रत्येक बिल्डसाठी आमच्या यादीत राहिला. उलट तीन आठवडे ॲप वापरलेल्या बीटा टेस्टरला ‘पहिल्यांदा उघडल्यावर काय वाटते’ हे पाहण्यासाठी बैठकीला बोलावता येत नाही. त्यासाठी दर फेरीला नवी पाच माणसे शोधावी लागतात आणि त्यांच्या शोधाचा वेळ वेळापत्रकात वेगळा धरावा लागतो.