हातोडा पडण्याआधी: ‘स्टार ट्रेक’च्या वस्तू आणि त्यांचं रसायनशास्त्र

ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीज या लिलावगृहाच्या दालनात तीन दिवस ‘स्टार ट्रेक’ विकलं जात होतं. अंतराळयानातल्या सफरींच्या या अमेरिकी टीव्ही मालिकेला चाळीस वर्षं झाली होती. त्या निमित्ताने गोदामातले पोशाख, मुखवटे, शस्त्रं आणि यानांची मॉडेल्स हजारएक लॉटमध्ये, म्हणजे लिलावाच्या गटांमध्ये, विक्रीला आली. ‘द नेक्स्ट जनरेशन’ या पुढच्या मालिकेतल्या एंटरप्राइझ या यानाचं सहा फुटी मॉडेल अंदाजापेक्षा कित्येक पट जास्त, म्हणजे ५ लाख ७६ हजार डॉलरला गेलं. एकूण विक्री ७१ लाख डॉलरच्या आसपास झाली. उरलेल्या हजारो वस्तू पुढे ईबे या ऑनलाइन बाजारात निघाल्या.

हे सगळं विकायला हवं होतं की जपायला, यावर तेव्हापासून चाहत्यांमध्ये वाद होत आला आहे. त्यात मालकी, पैसा, आठवणी असं सगळं येतं. पण या वस्तू कशाच्या बनल्या आहेत, हे फार कमी लोक विचारतात. माझ्या मते सुरुवात तिथूनच व्हायला हवी. कारण रबर आणि प्लॅस्टिक कोणाच्याही मालकीचं असो, ते विरायचं थांबत नाही.

चित्रीकरणासाठी केलेली वस्तू काही दिवस टिकली की तिचं काम झालं. परग्रहवासीयांचे चेहरे फेसाळलेल्या लॅटेक्सचे, म्हणजे नैसर्गिक रबराचा चीक घुसळून, साच्यात भाजून केलेले असतात. रबराच्या लांब साखळ्यांमध्ये कार्बनचे दुहेरी बंध असतात. हवेतला ऑक्सिजन आणि ओझोन नेमके त्यांच्यावर हल्ला करतात आणि प्रकाश त्यांना मदत करतो. साखळ्या तुटल्या की रबर चिकट होतं, नवे आडवे बंध जुळले की कडक होऊन तडकतं. फेसाची असंख्य छिद्रं हवेला आतपर्यंत वाट देत असल्याने हे सगळं आणखी झपाट्याने होतं.

पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचीही तीच गत. नीट जपून कपाटात ठेवलेले बूट काही वर्षांनी काढावेत आणि चार पावलांत तळव्याचा भुगा व्हावा, हा अनुभव आपल्याकडे, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, पुष्कळांना आला असेल. पॉलिएस्टर जातीच्या पॉलियुरेथेनमधले बंध पाण्याची वाफ तोडते. त्यासाठी बूट वापरावे लागत नाहीत. चित्रीकरणाच्या सामानात (प्रॉपर्टीत) भरलेला फोम तसाच भुसभुशीत होतो. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या पहिल्या हंगामांतले अंगाला घट्ट बसणारे गणवेश स्पँडेक्स या ताणल्या जाणाऱ्या कापडाचे होते, आणि स्पँडेक्स हे पॉलियुरेथेनच्याच घराण्यातलं. ताण गेलेलं स्पँडेक्स पुन्हा आवळत नाही.

सेल्युलोज अॅसिटेट या प्लॅस्टिकचं दुखणं तर शेजाऱ्यांनाही त्रास देणारं. त्यातून अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल बाहेर पडतं आणि तेच पुढच्या विघटनाला वेग देतं. जुन्या फिल्मचे डबे उघडल्यावर येणारा आंबूस वास हाच. पुण्यासारख्या ठिकाणी चित्रपटांचा संग्रह सांभाळणाऱ्यांना तो नवा नाही. असा एक तुकडा बंद पेटीत इतर वस्तूंसोबत ठेवला, तर धातू आणि कापडही त्या वाफेत खराब होतं.

यावर उपाय आहेत, पण ते सोपे नाहीत. थंडावा उपयोगी पडतो. ढोबळ हिशेबाने तापमान दहा अंशांनी उतरलं की विघटनाचा वेग निम्म्यावर येतो. काही वस्तू ऑक्सिजन शोषणाऱ्या लोहचूर्णाच्या पुड्यांसह हवाबंद पिशवीत ठेवतात. कापडावर संग्रहालयं साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाशाच्या तीव्रतेचं माप) जास्त प्रकाश पडू देत नाहीत. रंगाचं नुकसान साठत जातं आणि भरून येत नाही: ५०० लक्सच्या दिव्याखालचा एक तास हा ५० लक्सखालच्या दहा तासांइतकाच महाग पडतो. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, झगझगीत दिव्याखाली हौसेने मांडलेला पोशाख म्हणूनच मला पाहवत नाही.

रंग उडणं ही केवळ शोभेची बाब नाही. १९६६ ते १९६९ च्या मूळ मालिकेत यानाचा प्रमुख कॅप्टन कर्क याचा सदरा सगळ्यांना सोनेरी म्हणून आठवतो. प्रत्यक्षात त्यातलं व्हेलोर हे मखमलीसारखं कापड हिरवट होतं. स्टुडिओतले दिवे आणि तेव्हाची फिल्म यांच्या मिलाफात ते सोनेरी उमटायचं. पडद्यावरची चित्रं कितीही स्वच्छ केली तरी ही गोष्ट त्यांतून कळणार नाही. ती फक्त कापड सांगू शकतं, आणि तेही त्याचा रंग शाबूत असेपर्यंतच.

मग सगळं संग्रहालयात द्यावं का? मूळ मालिकेतल्या अकरा फुटी एंटरप्राइझची कहाणी वाचली की असं सरळ उत्तर देता येत नाही. १९६४ मध्ये लाकूड, प्लॅस्टिक आणि धातू वापरून केलेलं हे मॉडेल पॅरामाउंट स्टुडिओने १९७४ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिलं. तिथे त्याची अनेकदा डागडुजी झाली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते जवळजवळ पूर्ण नव्याने रंगवलं गेलं. ते केलं प्रेमानेच, पण पडद्यावर कधीच ठळक न दिसलेल्या रेषा त्यावर आल्या. पुढे बरीच वर्षं हे मॉडेल संग्रहालयाच्या विक्रीदुकानात उभं होतं.

२०१४ मध्ये संवर्धकांनी ते पुन्हा हाती घेतलं. क्ष-किरणांनी आतली जोडणी पाहिली, अतिनील प्रकाशात रंगांचे थर वेगळे ओळखले. यानाच्या तबकडीचा वरचा भाग आधीच्या रंगकामातून सुटला होता. साठच्या दशकातला अस्सल रंग तिथे होता, आणि बाकीच्या भागासाठी तोच आधार झाला. १९६७ च्या ऑगस्टमध्ये मॉडेल जसं होतं तसं ते करायचं ठरलं. त्यासाठी संग्रहालयाने लोकांकडे जुनी छायाचित्रं मागितली. २०१६ मध्ये ते मुख्य दालनात आलं. या संपूर्ण प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग म्हणजे ती तबकडी. हात न लावलेला तेवढा पृष्ठभाग उरला नसता, तर मूळ राखाडी छटा कोणती यावर नुसते अंदाज बांधावे लागले असते.

खासगी संग्राहकांना खलनायक ठरवणंही मला पटत नाही. कित्येक वस्तू कचऱ्यात जाण्यापासून त्यांनीच वाचवल्या आहेत. शिवाय अस्सलपणा ओळखण्याची एक पद्धतही याच जगात विकसित झाली: चित्रपटातली चौकट मोठी करून लाकडाच्या शिरा, रंगाचे टवके, टाक्याची चूक वस्तूशी ताडून पाहायची. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांच्याकडचं एंटरप्राइझचं जवळपास तीन फुटी पहिलं मॉडेल सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हरवलं होतं. २०२३ मध्ये ते ईबेवर दिसलं, एका लिलावगृहाच्या तज्ज्ञांनी ते पारखलं आणि २०२४ मध्ये रॉडनबेरींच्या मुलाकडे परत गेलं. ते ओळखता आलं, कारण तुलनेसाठी जुनी छायाचित्रं शिल्लक होती.

म्हणून विक्रीला माझा सरसकट विरोध नाही. एकाच पात्राचे पाच गणवेश असतील तर चार विकावेत, पण एक, शक्यतो न धुतलेला आणि न दुरुस्त केलेला, अभ्यासासाठी थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवावा. एकमेव असलेली वस्तू विकण्याआधी तिची त्रिमितीय नोंद आणि रंगांची मोजणी व्हावी. आणि लॉटच्या वर्णनात कलाकाराचं नाव नि भागाचा क्रमांक असतो, तिथेच पदार्थाचं नाव यावं. अवरक्त वर्णपटमापकाने प्लॅस्टिकची जात काही मिनिटांत कळते, आणि आता तर तो हातात धरून वापरता येतो. मग वस्तू घरी नेणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल की आपला मुखवटा हवाबंद पिशवीत ठेवायचा आहे, की उलट, आम्लाची वाफ निघून जावी म्हणून हवेशीर जागी, बाकी संग्रहापासून दूर.