गडग्याखालचा तापट कोळी

कोकणात गडग्याच्या बुडाशी किंवा पाणंदीकडेच्या लाल मातीच्या दरडीत कधीकधी पांढऱ्या जाळ्याने आतून सारवलेलं बीळ दिसतं. उंदराचं असेल म्हणून आपण पुढे जातो. उंदीर काही घराला रेशीम लावत नाही. आत चिलोब्रॅकिस फिम्ब्रिएटस असू शकतो. महाराष्ट्र, गोवा आणि कर्नाटकातल्या सह्याद्रीच्या पट्ट्यातला हा टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पोकॉक यांनी १८९९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. सोनेरी-तपकिरी पाठ, पोटावर काळपट आडवे पट्टे, पाय पसरले तर तळहात भरेल.

परदेशातले हौशी लोक तो काचेच्या पेटीत पाळतात आणि तापट म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या मते हा शेरा अन्यायाचा आहे.

अमेरिका खंडातले बरेच टॅरँटुला पोटावरचे सूक्ष्म काटेरी केस मागच्या पायांनी खरडून शत्रूच्या तोंडावर उडवतात. डोळे चुरचुरतात, नाक खाजतं, शत्रू माघार घेतो. जागचं हलावं न लागणारा कोळी मग 'शांत' म्हणून खपतो. आपल्याकडच्या टॅरँटुलांना हे केसच नाहीत. त्यामुळे पहिला उपाय पळणं, तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. बीळ गाठता आलं नाही तर पुढचे पाय वर, आणि जबड्याजवळचे राठ केस एकमेकांवर घासून काढलेला फुसकारा.

पाय उचलण्यामागे नुसती धमकी नसते. घरातल्या साध्या कोळ्याचे सुळे चिमट्यासारखे आडवे मिटतात. याचे मात्र वरून खाली उतरतात. वार करायचा तर आधी पुढचं अंग उचलावंच लागतं. नजर अधू, त्यामुळे समोर बेडूक की माणसाचं बोट, हे त्याला बघून कळत नाही. पायांवरच्या केसांना जमिनीचा आणि हवेचा हादरा जाणवतो, तेवढ्यावरच निर्णय. चावा चांगलाच दुखतो, पण टॅरँटुलाच्या विषाने माणूस दगावल्याची खात्रीशीर नोंद नाही.

पेटीत चार बोटं माती घातली तर बीळ खणता येत नाही, लपायला जागा राहत नाही, आणि झाकण उघडताच पाय वर. खोल, दमट माती दिली की हाच कोळी दिवसच्या दिवस दर्शन देत नाही. मग पाळणारे कुरकुरतात, की पैसे मोजले ते मातीची पेटी बघायला.