‘प्रेषितांची कृत्ये’ कितपत विश्वसनीय? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

येशूच्या क्रूसावरील मृत्यूनंतरच्या सुमारे तीस वर्षांचा सलग वृत्तान्त बायबलच्या नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या एकाच पुस्तकात सापडतो. यरुशलेममधला एक लहानसा यहुदी पंथ अंत्युखिया, करिंथ, इफिस अशी शहरे ओलांडून रोमपर्यंत कसा पोहोचला, हे सांगणारा त्या काळाच्या जवळपासचा दुसरा ग्रंथ उपलब्ध नाही. त्यामुळे या पुस्तकाच्या विश्वसनीयतेचा वाद धर्मशास्त्रापुरता मर्यादित राहिलेला नाही; आरंभीच्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास मुळात लिहिता येतो का, या प्रश्नापर्यंत तो जाऊन भिडतो.

पुस्तकात लेखकाचे नाव कुठेही नाही. इ.स. १८० च्या सुमारास बिशप इरेनियस यांनी ते, ख्रिस्ती धर्माचा दूरवर प्रचार करणाऱ्या प्रेषित पौलाचा सहकारी लूक याचे असल्याचे नोंदवले आणि परंपरेने ते मान्य केले. सोळाव्या अध्यायापासून काही ठिकाणी निवेदन अचानक ‘ते’ सोडून ‘आम्ही’वर येते, हा त्या परंपरेचा मोठा आधार. कलस्सैकरांस पत्रात लूक वैद्य असल्याचा उल्लेख असल्याने एकोणिसाव्या शतकात पुस्तकातील वैद्यकीय शब्दांच्या याद्याही झाल्या. पण तेच शब्द वैद्य नसलेल्या ग्रीक लेखकांतही सर्रास आढळतात, हे हेन्री कॅडबरी यांनी १९२० च्या सुमारास दाखवून दिले. लूकची डॉक्टरकी काढून घेऊन कॅडबरींनी स्वतःची डॉक्टरेट मिळवली, असा विनोद अभ्यासकांत अजूनही सांगितला जातो.

आधुनिक वादाला खरे तोंड फुटले ते जर्मनीतील ट्यूबिंगेन विद्यापीठात. फर्डिनांड क्रिस्टियन बाउर यांनी १८३१ च्या निबंधात आणि पुढे १८४५ च्या पौलावरील ग्रंथात असे मांडले की आरंभीच्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समाजात, येशूचा शिष्य पेत्र याचा यहुदी पक्ष आणि पौलाचा परराष्ट्रीयांचा पक्ष यांच्यात तीव्र संघर्ष होता, आणि ‘कृत्ये’ हे त्या संघर्षावर पांघरूण घालण्यासाठी नंतरच्या पिढीने रचलेले पुस्तक आहे. बाउर यांची कालगणना आज कोणी जशीच्या तशी स्वीकारत नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र टिकून आहे.

त्याला उत्तर देणाऱ्यांनी प्रवासाची वाट धरली. जेम्स स्मिथ हे स्कॉटिश गृहस्थ हौशी दर्यावर्दी होते. सत्ताविसाव्या अध्यायात पौलाला रोमकडे नेणारे गलबत सापडते ते वादळ, वाऱ्याची दिशा आणि गलबत वाहत जाण्याचा वेग यांचा हिशेब मांडून क्रीटजवळच्या क्लौदा बेटापासून माल्टापर्यंत सुमारे तेरा दिवस लागतात, असे त्यांनी १८४८ मध्ये दाखवले. पुस्तक चौदाव्या रात्रीची गोष्ट सांगते; खलाशांना आधी वीस वाव आणि थोडे पुढे गेल्यावर पंधरा वाव पाणी लागले, इतका बारकावा त्यात आहे. पुढे विल्यम रॅमसे यांनी आशिया मायनर पालथा घातला. इकुन्याहून निघून पौल ‘लुकवनियातील’ नगरांकडे पळाला, म्हणजे इकुन्या लुकवनियात नव्हते, हे वाक्य चुकीचे समजले जात असे. स्थानिक लोक स्वतःला फ्रुगियाचे म्हणवत, असे पुराव्यांवरून दिसू लागल्यावर ट्यूबिंगेनच्या प्रभावाखाली वाढलेल्या रॅमसे यांचे मत पालटले. थेस्सलनीकेच्या अधिकाऱ्यांसाठी वापरलेली ‘पोलितार्ख’ ही पदवी तिथल्याच कमानीवरच्या लेखात मिळाली. डेल्फी येथील सम्राट क्लॉडियस यांच्या पत्राचे तुकडे १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ‘कृत्ये’नुसार करिंथमध्ये पौलाला ज्याच्यापुढे उभे केले तो अखयाचा रोमन सुभेदार गल्लियो इ.स. ५१–५२ च्या सुमारास पदावर होता हे ठरवता आले. पौलाच्या चरित्रातला हा सर्वांत पक्का कालबिंदू मानला जातो.

परंतु या पुराव्याने नेमके काय सिद्ध होते, याची गल्लत दोन्ही बाजूंनी केली आहे, असे मला वाटते. तिसऱ्या शतकाच्या आरंभी सीरियन भाषिक प्रदेशात रचलेल्या ‘थोमाची कृत्ये’ या ग्रंथात प्रेषित थोमा हिंदुस्थानात गुंदफर राजाकडे येतो. हा राजा काल्पनिक समजला जाई. एकोणिसाव्या शतकात अफगाणिस्तान आणि पंजाबच्या बाजूला गोंडोफर्नीस याची नाणी सापडली आणि तख्त-ए-बाहीच्या शिलालेखाने त्याचा काळही पहिल्या शतकातला ठरवला. राजा खरा निघाला, म्हणून त्याच ग्रंथातले बोलणारे गाढव कोणी इतिहासात जमा करत नाही. पदव्या, बंदरे आणि सरहद्दी अचूक असल्याने लेखकाला किंवा त्याच्या साधनांना तो प्रदेश माहीत होता, एवढेच कळते.

खरी कसोटी पौलाच्या स्वतःच्या पत्रांशी ताडून पाहण्यात आहे, आणि तिथे अडचण होते. गलतीकरांस पत्रात पौल देवाला साक्षी ठेवून सांगतो की येशूचे दर्शन झाल्यानंतर तो लगेच यरुशलेमला गेला नाही. अरबस्तानात गेला, दिमिष्काला परतला आणि तीन वर्षांनी यरुशलेमला जाऊन पंधरा दिवस पेत्राकडे राहिला. प्रेषितांपैकी त्याने आणखी कोणाला पाहिले नाही, फक्त प्रभूचा भाऊ याकोब भेटला. यहुदीयातील मंडळ्यांना त्याचा चेहराही ओळखीचा नव्हता. ‘कृत्ये’च्या नवव्या अध्यायात मात्र बर्णबा हा यरुशलेमच्या मंडळीतला सहकारी त्याला प्रेषितांपुढे नेतो आणि तो यरुशलेममध्ये त्यांच्याबरोबर उघडपणे वावरतो. यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांसाठी मूर्तींना अर्पिलेले अन्न वर्ज्य करणारा ठराव केला, असे पंधरावा अध्याय म्हणतो. करिंथकरांना नेमक्या याच विषयावर लिहिताना पौल त्या ठरावाचा उल्लेखही करत नाही. अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केल्याचे तो लिहितो, त्याबद्दल ‘कृत्ये’ गप्प आहे.

भाषणांचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. प्रसंगाला साजेसे भाषण रचणे प्राचीन इतिहासकारांना वर्ज्य नव्हते, आणि जर्मन अभ्यासक मार्टिन डिबेलियस यांच्यानंतर बहुतेक अभ्यासक ही भाषणे लेखकाची मानतात.

काळाबद्दल मतभेद अजून मिटलेले नाहीत. पौलाच्या खटल्याचा निकाल न सांगताच पुस्तक संपते, म्हणून ते त्याच्या हयातीतच लिहिले गेले, असे अडोल्फ फॉन हार्नाक यांनी १९११ मध्ये मांडले. बहुसंख्य अभ्यासक ८०–९० च्या आसपास थांबतात. दुसऱ्या शतकाकडे झुकणाऱ्यांचा भर ‘कृत्ये’तील गमलिएल या यहुदी धर्मगुरूच्या भाषणावर असतो. त्यात थुदासचे बंड आधी आणि यहूदा गालीली याचे नंतर येते. यहूदाचे बंड इ.स. ६ मधल्या शिरगणतीच्या वेळचे, तर पहिल्या शतकातले यहुदी इतिहासकार जोसीफस यांच्या मते थुदास इ.स. ४४ नंतरचा, म्हणजे गमलिएल हे बोलला त्यानंतरचा. जोसीफस थुदासनंतर लगेच यहूदाच्या मुलांची हकिकत सांगतात. ती घाईने वाचल्यामुळे हा क्रम उलटला असेल, तर ‘कृत्ये’ जोसीफस यांच्या त्या ग्रंथानंतरचे, म्हणजे इ.स. ९३–९४ नंतरचे ठरते. परंपरेची बाजू घेणारे थुदास नावाचा आणखी एखादा बंडखोर पूर्वी होऊन गेला असावा असे म्हणतात, पण त्याला दुसरीकडून दुजोरा मिळालेला नाही.