इंट्राकोस्टल वॉटरवे : बोटीने दक्षिणेकडे

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला समांतर, समुद्राच्या आतल्या अंगाने जाणारा हा जलमार्ग. खाड्या, नद्या, वाळूच्या बेटांमागचं निवांत पाणी आणि हे सगळं जोडायला खणलेले कालवे मिळून तो झालाय. व्हर्जिनियातल्या नॉरफोकला शून्य मैल धरतात, तिथून मायामी साधारण १,०९० मैल. थंडीची चाहूल लागली की उत्तरेकडचे बोटवाले याच वाटेने फ्लोरिडा गाठतात, त्यांना स्नोबर्ड म्हणतात, आणि ते या मार्गाला नुसतं 'डिच' म्हणजे चर म्हणतात.

बाहेर मोकळा समुद्र असताना आतून कशाला जायचं? तर वाटेत केप हॅटरस हे नॉर्थ कॅरोलायनाचं समुद्रात घुसलेलं टोक आहे, तिथल्या सरकत्या वाळूने आणि वादळांनी इतकी जहाजं घेतलीत की त्या भागाला अटलांटिकची दफनभूमी असं नाव पडलंय. १९४२ मध्ये तर जर्मन पाणबुड्या याच किनाऱ्यावर जहाजं बुडवत होत्या, तेव्हा मालवाहतुकीला आतला मार्ग फार मोलाचा ठरला. चक्रीवादळांचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे फार लवकर दक्षिणेला उतरायचं नाही आणि फार उशीर केला तर उत्तरेत गारठायचं, म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे बोटींची रांग लागते. शिडाची बोट असली तरी बहुतेक वेळ इंजिनवरच चालते, दिवसाला ५० मैल धरले तरी तीन-चार आठवडे जातात.

नॉरफोकहून निघाल्यावर दोन फाटे आहेत. एक ग्रेट ब्रिजच्या लॉकमधून (बोट वर-खाली करणारा, दोन्हीकडे दारं असलेला पाण्याचा कप्पा), दुसरा डिस्मल स्वॅम्प कालव्यातून. हा दुसरा जरूर बघावा असा आहे, अरुंद, दोन्ही बाजूंनी झाडं, आणि पाणी अगदी कोऱ्या चहासारखं, झाडापाल्यातल्या टॅनिनमुळे. इथून गेलेल्या बोटीच्या पांढऱ्या नाकावर तपकिरी मिशी उमटते आणि ती दक्षिणेपर्यंत सोबत जाते. पण हा कालवा १८०५ मध्ये सुरू झाला तो गुलाम माणसांनी दलदलीत उभं राहून हाताने खणला म्हणून, हे विसरून त्याच्या शांततेचं कौतुक करू नये.

पुढची सगळी काळजी दोन मापांची, बोट पाण्याखाली किती बुडते आणि डोलकाठी वर किती जाते. कागदावर नॉरफोकपासून फ्लोरिडातल्या फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट खोली आहे पण गाळ भरत राहतो, देखभाल लष्कराच्या इंजिनिअर विभागाकडे असली तरी सगळीकडचा गाळ वेळेवर निघत नाही. जॉर्जियात तर भरती-ओहोटीत ७ ते ९ फुटांचा फरक पडतो, जेकिल क्रीकसारख्या उथळ जागी भरतीच साधून जायचं. चढत्या पाण्यात बोट रुतली तर थोड्या वेळात आपोआप तरंगते, पण सुकतीला रुतली की तासन्‌तास कलंडून बसायचं, हे खाडीकाठच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

वाट चुकू नये म्हणून खांबांवर आणि बोयांवर छोट्या पिवळ्या खुणा असतात, दक्षिणेला जाताना पिवळा त्रिकोण उजवीकडे आणि पिवळा चौकोन डावीकडे ठेवायचा. एखाद्या नदीच्या तोंडाशी खोल वाटेच्या कडा दाखवणाऱ्या लाल-हिरव्या खुणांची बाजू अचानक उलटते, तेव्हा नवखा माणूस गोंधळतो, अशा वेळी पिवळ्यावरच भरवसा ठेवायचा.

पुलांचं वेगळंच. काही पूल उघडतात, रेडिओवर पूलवाल्याला हाक मारायची, पण बरेच ठरलेल्या वेळीच उघडतात, दोन मिनिटं चुकली तर वाऱ्यात आणि ओढीच्या पाण्यात अर्धा तास गोल गोल फिरत बसा. न उघडणारे पूल साधारण ६५ फूट उंच असतात, मायामीचा जुलिया टटल कॉजवे मात्र ५६ फूटच, त्यामुळे उंच डोलकाठीवाल्यांना फोर्ट लॉडरडेललाच बाहेर पडून शेवटचा टप्पा समुद्रातून गाठावा लागतो.